चपट्या कृमींचं गणगोत

पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस न हलवलेली कुंडी उचलली, की बुडाखालच्या ओल्या मातीवर कधी कधी एक लांबट, चकचकीत प्राणी पसरलेला दिसतो. अंगावर गडद उभे पट्टे, सगळं शरीर चिकट आणि डोकं अर्धचंद्रासारखं पसरट. गांडूळ समजून पुष्कळ जण त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. थोडा वेळ उकिडवं बसून पाहिलं की फरक कळतो. गांडूळ अंग आखडून, सैल सोडून पुढे सरकतं. हा प्राणी आखडत नाही. तेलाचा ओघळ फरशीवरून उतरावा तसा जातो. त्याच्या पोटाखाली पक्ष्माभिकांची, म्हणजे सतत हलणाऱ्या सूक्ष्म लवेची गादी असते आणि स्वतःच सोडलेल्या चिकट स्रावावरून तो घसरत असतो. बायपॅलियम हे त्याचं नाव. तो चपटा कृमी आहे, आणि गांडूळ हे त्याचं आवडतं खाद्य.

हे खाणं जवळून पाहण्यासारखं असतं. बायपॅलियमचं तोंड डोक्याच्या टोकाला नसतंच, ते पोटाच्या मध्याजवळ असतं. गांडुळाला धरलं की त्या तोंडातून घशाची पांढरट, झालरीसारखी नळी बाहेर येते, भक्ष्यावर पसरते आणि पाचक रसांनी गांडूळ शरीराबाहेरच विरघळू लागतं. या कुळातल्या दोन जातींत २०१४ साली टेट्रोडोटॉक्सिन सापडलं. फुगा माशाला ज्यामुळे सगळे घाबरतात, तेच हे विष. खाऊन झाल्यावर न पचलेला भाग त्याच तोंडावाटे बाहेर टाकला जातो, कारण गुदद्वार नाही.

खाणारा चपटा कृमी, खाल्लं जाणारं गांडूळ हा वलयी कृमी. शाळेच्या पुस्तकात या दोघांमध्ये एक गोलकृमींचा संघ येतो. स्पंज, जेलीफिश, चपटे कृमी, गोलकृमी, वलयी कृमी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी आणि शेवटी आपण, अशी ती रांग. रांग पाठ करताना नकळत मनात जिना तयार होतो: चपटा कृमी खालच्या पायरीवर, गांडूळ त्याच्या वर. प्राणिशास्त्रात सव्वाशे वर्षं हा जिनाच खरा मानला गेला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तो मोडला. कसा मोडला आणि त्या जागी काय उभं राहिलं, याचा हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगतो. एखाद्या प्राण्यात काय नाही यावरून त्याचं गणगोत ठरवायची सवय ही या साऱ्या घोळाच्या मुळाशी होती, आणि ती सवय अजून पुरती गेलेली नाही.

चपट्या कृमीचं वर्णन आपण कसं करतो ते पाहा. देहगुहा नाही, म्हणजे आतडं आणि शरीराची भिंत यांच्यामध्ये अस्तर असलेली पोकळी नाही. रक्ताभिसरण संस्था नाही. श्वसनाची इंद्रियं नाहीत. गुदद्वार नाही. शरीर चपटं असण्याचं कारणही यातच आहे: प्राणवायू नेणारं रक्तच नाही, तेव्हा प्रत्येक पेशी पृष्ठभागाच्या जवळ असायला हवी. पण ‘नाही’ दोन तऱ्हेचं असतं. एक कधीच नव्हतं म्हणून नाही, दुसरं होतं पण गेलं म्हणून नाही. सापाला पाय नाहीत आणि मासळीलाही नाहीत, तरी साप मासळीच्या जवळचा ठरत नाही. चपट्या कृमींबाबत हा भेद कितीतरी काळ कुणी लावूनच पाहिला नाही.

सुरुवात लिनियसपासून होते. १७५८ साली त्याने ‘व्हर्मीस’ नावाचा एक गट केला आणि कीटक सोडून उरलेले बहुतेक अपृष्ठवंशीय त्यात टाकले: गांडूळ, जंत, गोगलगाय, जेलीफिश, सगळे. पुढे पॅरिसमध्ये लामार्कने हा ढीग उपसायला घेतला. १८५९ साली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल गेगेनबाउर यांनी चपट्या कृमींना ‘प्लॅटिहेल्मिंथिस’ हे नाव दिलं. ढीग निवडला गेला, पण ‘कृमी’ हा शब्द राहिला आणि त्याबरोबर हे सगळे एकमेकांचे सगे असावेत ही समजूतही.

मराठीतही तोच पेच आहे. पोटात ‘जंत’ झाले म्हणून आपण गोळी घेतो, आणि जंत, पट्टकृमी, यकृतातला पर्णकृमी हे सगळे ‘कृमी’ या एकाच नावाखाली येतात. औषधं मात्र हा भेद पाळतात. प्राझिक्वांटेल पट्टकृमींवर आणि बहुतेक पर्णकृमींवर चालतं, गोल जंतांवर चालत नाही. गाई-म्हशींच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतातल्या फॅसिओला या पर्णकृमीवर तेही लागू पडत नाही, तिथे ट्रायक्लाबेंडाझोल लागतं. गोल जंत आणि चपटे कृमी यांच्या शाखा पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळ वेगळ्या आहेत, हे पशुवैद्याच्या औषधाच्या कपाटात रोज दिसतं.

आता जिन्याकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्न्स्ट हेकेल यांनी सगळ्या बहुपेशीय प्राण्यांचा पूर्वज पेल्यासारखा, दोन थरांचा कल्पिला. त्यानंतर ऑस्ट्रियाचे लुडविग फॉन ग्राफ यांनी चपट्या कृमींमधल्या एका अगदी साध्या गटावर बोट ठेवलं. तो गट म्हणजे एसील. जेमतेम काही मिलिमीटरचे हे समुद्री प्राणी. त्यांच्या पोटात पोकळी असलेलं आतडंसुद्धा नसतं. अन्न पेशींच्या मऊ गोळ्यातच जिरतं. जेलीफिशचा प्लॅन्युला नावाचा डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेलं पिल्लू, पक्ष्माभिकांच्या जोरावर पोहतो. तो तळाशी उतरून रांगू लागला तर एसीलासारखाच दिसेल. त्यावरून मांडणी अशी झाली: प्लॅन्युलासारख्या पूर्वजापासून एसील, एसीलांपासून बाकीचे चपटे कृमी, आणि त्यांच्यापासून डावी-उजवी बाजू असलेले सगळे प्राणी.

या मांडणीला पाठ्यपुस्तकांचं बळ दिलं ते लिबी हायमन यांनी. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत त्यांनी वेतन न घेता काम केलं; प्रयोगशाळेसाठी लिहिलेल्या पुस्तकांच्या मानधनावर त्या जगत. १९४० ते १९६७ या काळात ‘द इन्व्हर्टिब्रेट्स’चे सहा खंड त्यांनी एकटीने लिहिले. १९५१ चा दुसरा खंड चपट्या कृमींचा आणि रिबनकृमींचा आहे. चपटे कृमी हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता आणि त्यातलं वर्णन आजही खरं उतरतं. पण प्राण्यांचे देहगुहाहीन, आभासी देहगुहेचे आणि सत्य देहगुहेचे असे तीन टप्पे याच ग्रंथमालेतून जगभरच्या वर्गखोल्यांत पोचले, आणि आपल्याकडेही आले. हायमन यांच्याविषयी मला फार आदर आहे. त्यांनी निरीक्षणात कसूर केली नाही. टप्पे आणि वंश या दोन गोष्टी मात्र त्यांच्या मांडणीत एक झाल्या.

उलट बाजूने विचार करणारेही होते. ल्युब्लियानाचे योवान हाजी यांचं म्हणणं असं, की अनेक केंद्रकं असलेल्या एकपेशीय जीवापासून थेट एसील झाले आणि जेलीफिशसारखे प्राणी नंतर चपट्या कृमींपासून निघाले. १९६३ च्या त्यांच्या ग्रंथात ही मांडणी सविस्तर आहे. आज ती कुणी मानत नाही. तरी एसीलांना पायथ्याशी ठेवण्यावर हाजी आणि त्यांचे विरोधक यांचं एकमत होतं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आणि गंमत नव्हे, खरोखर वाईट वाटावं अशी गोष्ट म्हणजे खऱ्या नात्याचा पुरावा तेव्हाच डोळ्यांसमोर होता. तो अंड्यात होता.

अमेरिकेतल्या वूड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत एडमंड विल्सन यांनी १८९२ साली नेरीस या समुद्री वलयी कृमीच्या अंड्याचा एकेक पेशीगणिक हिशेब मांडला. फलित अंड्याच्या दोन पेशी होतात, मग चार. पुढच्या विभाजनात वर चार छोट्या पेशी सुटतात. त्या खालच्या चार पेशींच्या बरोबर डोक्यावर बसत नाहीत. डब्यात लाडवांचा दुसरा थर लावताना वरचा लाडू आपण खालच्या दोन लाडवांच्या मधल्या खाचेत बसवतो, तशा त्या किंचित फिरून खाचांत बसतात. पुढचा थर उलट दिशेला फिरतो, त्यापुढचा पुन्हा पहिल्या दिशेला. यालाच सर्पिल विदलन म्हणतात. प्रत्येक पेशीला नाव देता येतं, कारण कुठल्या पेशीतून पुढे काय घडणार हे जवळपास ठरलेलं असतं. चौथ्या थरातली एक ठरावीक पेशी मध्यस्तराचा, म्हणजे स्नायू वगैरेंचा, मोठा भाग घडवते. गोगलगाईंत हेच, शिंपल्यांत हेच, वलयी कृमींत हेच.

आणि पॉलिक्लॅड नावाच्या समुद्री चपट्या कृमींतही हेच. खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला दगडाखाली सापडणारे, पानासारखे पातळ, कडा लहरत पोहणारे हे प्राणी. त्यांच्या अंड्यात तेच चार-चारांचे थर, तीच फिरकी, मध्यस्तराला जन्म देणारी तीच पेशी. त्यांच्यातल्या काहींच्या अंड्यातून आठ पाळ्यांचा, पक्ष्माभिकांची झालर लावलेला डिंभ बाहेर पडतो. योहानेस म्युलर यांच्या नावाने तो ओळखला जातो. वलयी कृमी आणि मृदुकाय यांच्या डिंभाशी त्याचं साम्य आहे. स्वतः विल्सन यांनीही पॉलिक्लॅडांची अंडी तपासली होती.

मग हा पुरावा निर्णायक का ठरला नाही? मला वाटतं, याचं एक कारण आपण उदाहरणं कोणती निवडतो यात आहे. शाळा-कॉलेजात चपट्या कृमींचे तीन प्रतिनिधी येतात: प्लॅनेरिया, लिव्हर फ्लूक आणि पट्टकृमी. या तिघांच्याही अंड्यात बलक अंडपेशीच्या आत नसतो, बाहेरच्या वेगळ्या पेशींत भरलेला असतो. त्या बलकपेशींच्या गर्दीत गर्भाची वाढ इतकी बदलून गेली आहे, की सर्पिल विदलनाची घडी ओळखूच येत नाही. म्हणजे ज्या तीन प्राण्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी हा संघ शिकले, त्यांनीच आपल्या घराण्याची खूण पुसून टाकलेली आहे. ज्यांनी ती जपली, ते पॉलिक्लॅड अभ्यासक्रमात नाहीत. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खडकांची कमी नाही. प्राणिशास्त्राच्या सहलींत पॉलिक्लॅड शोधायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला तसा आणखी एक प्रश्न उभा राहिला: चपटे कृमी हा मुळात एकच संघ आहे का? १९८५ साली उलरिख एलर्स यांनी आणि १९८६ साली स्मिथ, टायलर व रीगर यांनी या संघाची सूक्ष्म रचना तपासली. पदरात तीन वेगळे गट पडले. एक एसील आणि त्यांचे सोबती, दुसरे कॅटेन्युलिड नावाचे नाजूक, बहुतांशी गोड्या पाण्यातले कृमी, आणि तिसरा ऱ्हॅब्डिटोफोरा हा मोठा गट, ज्यात प्लॅनेरियापासून पट्टकृमीपर्यंत बाकी सगळे येतात. या तिघांना एकत्र बांधणारी भक्कम अशी समान खूण सापडेना. शोध चालला होता नात्याचा, आणि हाती येत होत्या उणिवा.

१९८८ साली रेणूंच्या पुराव्यावर प्राणिसृष्टीचा पहिला मोठा वंशवृक्ष ‘सायन्स’मध्ये आला. रायबोझोमच्या एका आरएनए रेणूतल्या अक्षरांची तुलना करून तो काढला होता. चपट्या कृमींच्या वतीने त्यात होता प्लॅनेरिया, आणि तो द्विपार्श्व, म्हणजे डावी-उजवी बाजू असलेल्या, प्राण्यांच्या अगदी पायथ्याशी निघाला. जिना खरा ठरला असं अनेकांना वाटलं.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी भांडणं तिच्यावरच आहेत. काही वंशांत जनुकांची अक्षरं फार वेगाने बदलतात. अक्षरं चारच असल्यामुळे वेगाने बदलणाऱ्या दोन अनोळखी वंशांत योगायोगाने सारखी अक्षरं येऊन बसतात. गणिताला ते नातं वाटतं. शिवाय असा वेगवान वंश तुलनेसाठी घेतलेल्या दूरच्या प्राण्याकडे, म्हणजे झाडाच्या मुळाकडे, ओढला जातो. यालाच लांब फांद्यांची ओढ म्हणतात. प्लॅनेरियाची फांदी लांब आहे, एसीलांची तर फारच लांब. म्हणून पायथ्याशी दिसलेला प्राणी खरंच पायथ्याचा आहे की वेगामुळे तिकडे घसरला आहे, हे आधी ठरवावं लागतं.

१९९५ आणि १९९७ या दोन वर्षांत प्राणिसृष्टीचा नकाशाच बदलला. आधी वलयी कृमी, मृदुकाय आणि ब्रॅकिओपोडा वगैरे प्राण्यांचा लोफोट्रोकोझोआ हा गट पुढे आला. मग कात टाकणाऱ्या प्राण्यांचा एक्डायसोझोआ आला, त्यात कीटक, खेकडे आणि गोल जंत एकत्र बसले. गांडूळ आणि गोम, दोघांच्याही अंगाला वळी-वळी असल्यामुळे शंभराहून अधिक वर्षं सख्खी मानली गेली होती. ती वेगवेगळ्या घरांत गेली. देहगुहेचे तीन टप्पे वंशावळ म्हणून तिथेच निकालात निघाले, कारण आभासी देहगुहेचे जंत आता खेकड्यांच्या बाजूला होते.

चपट्या कृमींचा निकाल बार्सिलोनातल्या जाउमे बागुन्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. १९९९ साली त्यांनी अनेक एसील तपासून त्यातला सगळ्यात संथ बदलणारा निवडला आणि त्याच्या आधारे वृक्ष पुन्हा काढला. फांद्यांची ओढ कमी केल्यावरही एसील पायथ्याशीच राहिले. बाकीचे चपटे कृमी मात्र तिथून उठले आणि थेट वलयी कृमी व मृदुकायांच्या घोळक्यात जाऊन बसले. एकाच नावाखाली दोन निराळी कुळं नांदत होती हे उघड झालं. शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांनीही तेच सांगितलं: लोफोट्रोकोझोआतल्या एका हॉक्स जनुकाच्या शेवटी जी ठरावीक खूण असते, ती प्लॅनेरियात आहे.

मला सगळ्यात भावलेला पुरावा छोटासा आहे. पेशीतल्या तंतुकणिकांची म्हणजे मायटोकॉन्ड्रियाची स्वतःची जनुकं असतात आणि ती वाचण्याची लिपी प्राण्यांच्या गटांनुसार जराशी बदलते. ऱ्हॅब्डिटोफोरांच्या तंतुकणिकांत तीन ‘ए’ सलग आले की ॲस्पॅरजिन हे अमिनो आम्ल बसवलं जातं. बहुतेक प्राण्यांत तिथे लायसिन बसतं. २००० साली तपासलं तेव्हा कॅटेन्युलिडांत हा बदल नव्हता आणि एसीलांतही नव्हता. पण तारामासे, सागरी अर्चिन या कंटकचर्मींत नेमका तोच बदल आहे. म्हणून कुणी चपट्या कृमींना तारामाशांचे भाऊ मानलं नाही. हा बदल दोनदा, स्वतंत्रपणे घडला आहे.

आता संघातून बाहेर पडलेल्या एसीलांकडे वळू. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर, रोस्कॉफजवळ, ओहोटीच्या वेळी वाळूवर गर्द हिरवे ओघळ दिसतात. शेवाळ वाटतं, पण पाय आपटला की ते वाळूत नाहीसं होतं. ते लाखो एसील असतात, प्रत्येक तीन-चार मिलिमीटरचा, अंगात एकपेशीय शैवाल बाळगणारा. मोठा झालेला कृमी खात नाही. ऊन खाणाऱ्या शैवालावर जगतो. आणि ज्याला आतड्याची पोकळीही नाही, त्याच्या जागेवरून गेली वीस-बावीस वर्षं प्राणिशास्त्रातला एक मोठा वाद चालू आहे.

या वादात एक आणखी विलक्षण प्राणी ओढला गेला. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या चिखलातून सिक्स्टेन बॉक यांनी १९१५ साली काही फिकट, पिशवीसारखे प्राणी काढले. १९४९ साली वेस्टब्लाड यांनी त्याचं झेनोटर्बेला बॉकी असं नामकरण केलं. १९९७ साली त्याचा डीएनए काढला तर तो शिंपल्यांशी जुळला आणि हा मृदुकाय प्राणी असल्याचं जाहीर झालं. पुढे २००३ मध्ये कळलं, की तो डीएनए त्याने खाल्लेल्या शिंपल्यांचा होता. त्याचा स्वतःचा डीएनए वेगळाच निघाला, आणि कालांतराने एसील हेच त्याचे सख्खे नातलग ठरले. २०१६ साली पूर्व प्रशांत महासागराच्या खोल पाण्यातून त्याच्या चार नव्या जाती वर्णिल्या गेल्या, त्यातली एक सुमारे वीस सेंटिमीटर लांब.

या जोडगोळीची जागा कुठे? २०११ साली एर्वे फिलिप आणि सहकाऱ्यांनी सांगितलं, ते आपल्याच बाजूला, कंटकचर्मींच्या शेजारी. २०१६ साली दुसऱ्या गटाने भरपूर जनुकं घेऊन सांगितलं, नाही, ते उरलेल्या सगळ्या द्विपार्श्व प्राण्यांच्या आधी फुटलेली फांदी आहेत. २०१९ साली फिलिप यांच्या गटाने चुकीच्या ओढीचा हिशेब करून पुन्हा कंटकचर्मींकडे बोट दाखवलं. फरक मोठा आहे. एसील पायथ्याशी असतील तर आपला सगळ्यांचा दूरचा पूर्वज साधासुधा असू शकतो, आणि फॉन ग्राफ अर्ध्याने तरी बरोबर ठरतात. कंटकचर्मींजवळ असतील, तर त्यांनी आतड्याची नळी, गुदद्वार, उत्सर्जनाच्या नळ्या असं पुष्कळ काही गमावलेलं आहे. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, कारण वेगवान वंशांना मुळाकडे ओढणारी चूक आपण याच प्राण्यांबाबत आधी एकदा पाहिली आहे. पण हा कल आहे, निकाल नाही.

खऱ्या चपट्या कृमींचं घर मात्र पक्कं झालं: सर्पिल विदलनाच्या नावावरून ओळखला जाणारा स्पायरेलिया हा मोठा वाडा. त्यात गांडूळ, जळू, कालवं, माकूळ, रिबनकृमी, रोटिफर, ब्रायोझोआ सगळे आहेत. वाड्यात नेमकं कुणाशेजारी, यावर अजून ओढाताण आहे. रोटिफर आणि चपटे कृमी यांना एकत्र बांधणारा प्लॅटिझोआ हा गट काही काळ चालला. तो बराचसा फांद्यांच्या ओढीतून आलेला निघाला. २०१४ साली चपट्या कृमींना गॅस्ट्रोट्रिका या बहुधा मिलिमीटरभरही न भरणाऱ्या, पोटावर पक्ष्माभिका असलेल्या जलचरांचे सख्खे मानणारा निष्कर्ष आला. नंतरच्या काही विश्लेषणांत रिबनकृमी जवळचे दिसतात, म्हणजे हायमन यांनी एका खंडात शेजारी ठेवलेली जोडी पुन्हा एकत्र येण्याची शक्यता आहे.

वाड्यातलं नातं दुसऱ्या एका बाजूनेही पाहता येतं. यजमान म्हणून. पर्णकृमींना आयुष्यात एकदा तरी, जवळजवळ नेहमीच, गोगलगाय किंवा शिंपल्यासारखा मृदुकाय प्राणी लागतो. आपल्याकडचं उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे. शिस्टोसोमा हा रक्तवाहिन्यांत राहणारा पर्णकृमी, ज्याची एक जात थिओडोर बिल्हार्झ यांनी १८५१ साली कैरोत शोधली. भारतात माणसांना त्याचा स्थानिक संसर्ग होत असल्याचं १९५२ साली आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शहा यांनी गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात दाखवलं, आणि मधला यजमान म्हणून फेरिसिया या इवल्याशा गोड्या पाण्यातल्या गोगलगाईचं नाव पुढे आलं. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून शिरणारा डिंभ त्या गोगलगाईच्या अंगात वाढतो. दोघांचेही पूर्वज एकेकाळी लाडवांच्या थरांसारखे वाढणाऱ्या अंड्यांतून आले होते, आणि आज एक दुसऱ्याच्या शरीरात राहतो.

परजीवींबद्दलची आणखी एक समजूत बदलली. पर्णकृमी, पट्टकृमी आणि माशांच्या कल्ल्यांवरचे मोनोजीनिया हे वेगवेगळ्या वेळी परजीवी झाले असावेत असं पूर्वी मानत. एलर्स यांनी त्यांची त्वचा पाहिली: डिंभाची पक्ष्माभिकांची त्वचा गळून पडते आणि तिच्या जागी पेशींच्या भिंती नसलेलं एकसंध आवरण येतं. यजमानाच्या शरीरात टिकायला तेच आवरण उपयोगी पडतं. तिन्ही गटांत ते सारखं आहे, आणि जनुकीय पुरावाही हेच सांगतो, की परजीवीपणाची ही वाट या घराण्याने एकदाच धरली. या तिघांचा सगळ्यात जवळचा मोकळा राहणारा नातलग २०१५ च्या जनुकीय अभ्यासात बोथ्रिओप्लाना हा गोड्या पाण्यातला छोटा कृमी निघाला. संघातल्या निम्म्याहून अधिक ज्ञात जाती त्या एका वळणाच्या पलीकडच्या आहेत. पट्टकृमीला तर तोंड आणि आतडंच नाही. पण तेही होतं आणि गेलं, या दुसऱ्या तऱ्हेचं ‘नाही’ आहे.

प्लॅनेरियाच्या पुनर्जननाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. थॉमस हंट मॉर्गन यांनी १८९८ साली शरीराच्या २७९ व्या हिश्श्यापासूनही अख्खा कृमी तयार होऊ शकतो असं नोंदवलं, आणि २०११ साली एकाच मूलपेशीपासून मरणाऱ्या प्लॅनेरियाचं शरीर पुन्हा भरून निघतं हे दिसलं. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की एसीलही कापले तर पुन्हा वाढतात. मानसी श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली हॉफ्स्टेनिया या एसीलात पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं टोक ठरवणारे तेच रेणवीय संदेश दाखवले, जे प्लॅनेरियात काम करतात. एकेकाळी हे ‘दोन्ही चपटे कृमी, म्हणून सारखे’ म्हणून संपलं असतं. आता दोघांमध्ये अर्ध्या अब्जाहून अधिक वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे प्रश्न आपल्यापर्यंत येऊन पोचतो: ही क्षमता त्या दूरच्या समान पूर्वजात होती का, आणि मग ती आपल्या वंशातून कुठे गेली?

जीवाश्मांची मदत या साऱ्यात फारशी होत नाही. मऊ अंग, ना कवच ना हाड, त्यामुळे ही मंडळी दगडात उरत नाहीत. उरतं ते भलत्याच ठिकाणी. ब्राझीलच्या दक्षिणेत सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीची शार्कची विष्ठा दगड झालेली सापडली. २०१३ साली तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा एका पुंजक्यात पट्टकृमीची ९३ अंडी दिसली, आणि त्यातल्या एकात, बहुधा, वाढत असलेला डिंभ.